शेतकऱ्यांचे पुढारी कै. नारायण नागू पाटील

खाडीकाठच्या शेतकऱ्याचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर कसे चढले, असे आज करंजाड्यातील एखाद्या तरुणास विचारले, तर कुळकायद्याने चढले, असे उत्तर तो बहुधा देईल. उत्तर खोटे नाही. परंतु तो कायदा आपोआप झाला नाही, त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील पंचवीस गावांनी सहा वर्षे आपली शेते पडीत ठेवली आणि उपास काढले, ही हकिकत त्याच्या कानावर क्वचितच गेलेली असते. म्हणून यंदाच्या वार्षिकात ज्ञातीतील थोर पुरुषांच्या चरित्रमालेत आम्ही कै. नारायण नागू पाटील ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांच्या निधनास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता जवळजवळ मागे पडली आहे.

नारायणरावांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अलिबाग तालुक्यात एका आगरी शेतकरी कुटुंबात झाला. पोयनाडजवळचे पेझारी हे त्यांच्या घराण्याचे गाव. अलिबाग तालुक्याच्या ह्या भागास खारेपाट म्हणतात, आणि खारेपाट म्हणजे काय हे नीट समजल्यावाचून ह्या पुरुषाचे चरित्र समजणे शक्य नाही. आमच्या पनवेल-उरणकडील वाचकांस ते सांगण्याची गरज पूर्वी पडली नसती. परंतु आपल्याकडील खारी बुजून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

खारेपाटातील भातजमीन ही मुळात समुद्राची. भरतीचे पाणी जेथवर चढत होते, तेथे आपल्या पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून पाणी मागे हटविले, पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन वर्षानुवर्षे धुऊन काढली, आणि मग तेथे भात लावले. बाहेरचा मोठा बांध समुद्र अडवी, आतले लहान बांध पावसाचे पाणी राखीत, आणि मधल्या उघडीतून जादा पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडले जाई. हे बांध एकदा घालून भागत नसे. दरसाल उन्हाळ्यात त्यांवर नवी माती चढवावी लागे. पावसाळी उधाणात कोठे खांड पडली, तर रात्री-अपरात्री सारा गाव टोपल्या-फावडी घेऊन धावे. ह्या सामुदायिक श्रमास जोळ म्हणत. ज्याची शेती बांधाआड, त्याच्या घरचे माणूस जोळीच्या कामावर गेलेच पाहिजे, असा तो नियम होता. त्यात मजुरीचा प्रश्न नव्हता आणि कोणी सरकारी अधिकारी देखरेखीसही नव्हता. एका घराने आळस केला तर दहा घरांचे भात खारट होणार, हे प्रत्येकास ठाऊक होते. आमचे मत असे आहे की, पुढे पंचवीस गावांनी एकजुटीने जो संप चालविला, त्याची तालीम ह्या जोळीतच झालेली होती. एकमेकांवर विसंबून राहण्याची सवय आपल्या लोकांना पुस्तकांतून लागलेली नाही. ती समुद्राच्या धाकाने लागली.

परंतु ज्यांनी जमीन समुद्रातून काढली आणि दरसाल राखली, त्यांची ती कागदोपत्री नव्हती. ती खोतांची होती. खोत हा मूळचा गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा मनुष्य. इंग्रजी अमलात त्याचे हक्क कायद्याने पक्के होत गेले. सरकारास ठरलेला सारा बिनबोभाट मिळाला म्हणजे झाले. खोत कुळाकडून किती घेतो आणि कसे घेतो, ह्याची फिकीर सरकारास नव्हती. पिकाचा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, खोताच्या खळ्यात जाई. कोठे धान्याचा खंड ठरलेला असे, आणि पीक बुडाले तरी तो चुकत नसे. त्याखेरीज वेठ होतीच. खोताच्या घरी लग्न-मुंज निघो की घर शाकारावयाचे असो, कुळाने हातचे काम टाकून जावे. बांधावरच्या झाडाचे फळसुद्धा आपले म्हणण्याची सोय नव्हती. मुदत संपली की नवी कबुलायत लिहून द्यावी लागे. बहुतेक कुळे निरक्षर, त्यामुळे कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठविल्यानंतरही कळत नसे. बाकी थकली की व्याज चढे, व्याज चढले की कोर्टात फिर्याद, फिर्यादीमागून जप्ती. ज्या खोतास कुळाचे तोंड आवडले नाही, तो पुढल्या साली जमीन दुसऱ्यास देई, आणि तीन पिढ्यांनी राखलेला बांध कुळाच्या हातून जाई.

नारायणराव ह्याच मुलखात लहानाचे मोठे झाले. खोती-पद्धतीविरुद्ध कुळांना संघटित करणे हे त्यांनी आपले आयुष्यकार्य मानले, आणि त्यासाठी शेतकरी संघाच्या द्वारे त्यांनी गावोगाव सभांचा क्रम आरंभिला. ह्या कामी त्यांना जे सहकारी लाभले, त्यांत भाई अनंत चित्रे ह्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. चित्रे हे कायस्थ प्रभू समाजातले. १९२७ साली महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच्या संयोजनात जे सवर्ण गृहस्थ डॉ. आंबेडकरांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले, त्यांपैकी ते एक. पाण्याच्या हक्कासाठी महाडास झटलेला हा गृहस्थ जमिनीच्या हक्कासाठी खारेपाटात आला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९३० साल सर्व देशात कायदेभंगाचे होते. आपल्या पनवेल-उरणच्या भागास ते साल चिरनेरच्या नावाने ठाऊक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगलचा कायदा मोडण्यास जमलेल्या आगरी, कातकरी, कोळी इत्यादी सर्व समाजांच्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले आणि मामलेदार जोशी हेही त्या गोळीबारात प्राणास मुकले. त्यानंतर भागात धरपकड झाली आणि मोठा खटला चालला. त्याच वर्षाच्या अखेरीस पेण तालुक्यात कुलाबा जिल्ह्यातील शेतकऱ्यांची परिषद भरली. तीत नारायणराव व चित्रे ह्यांनी कुळांच्या मागण्या जाहीरपणे मांडल्या. चिरनेरच्या गोळीबारास तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. सरकारचा हात किती जड आहे हे सर्वांनी पाहिले होते, आणि तरीही शेतकरी परिषदेस जमले. सरकारने पुढे शेतकऱ्यांच्या सभांवर व संघाच्या कामावर बंदी घातली. बंदीमुळे भाषणे थांबली, परंतु गावकीच्या बैठका, लग्नकार्ये आणि जोळीची कामे कोणास बंद करता येणार?

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी ह्या गावी पंचवीस गावांतील शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायणरावांच्या नेतृत्वाखाली संपाचा निर्णय झाला. निर्णय दिसावयास साधा होता: खोतांच्या जमिनी कोणी कसावयाच्या नाहीत.

वाचकांनी ह्या निर्णयावर थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. १९२८ साली गुजराथेत बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सरदार वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याची चळवळ केली व ती काही महिन्यांत यशस्वी झाली. तो लढा थोर होताच. परंतु बारडोलीच्या शेतकऱ्याची जमीन त्याच्या स्वतःच्या नावावर होती, आणि पीक त्याच्या घरात येत होते. चरीच्या कुळापाशी ह्यांतले काहीच नव्हते. सारा थकविण्याचा त्याला अधिकार नव्हता, कारण सारा खोत भरीत असे. खंड थकविला तर बेदखल होण्याची भीती. त्याच्या हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्याचे श्रम, आणि तेच त्याने मागे घेतले. श्रम मागे घेणे म्हणजे स्वतःच्या घरचे भात बंद करणे. गिरणीतला कामगार संपावर जातो तेव्हा मालकाचे यंत्र थांबते. येथे शेतकऱ्याची स्वतःची चूल थांबणार होती. काठी न उचलता, खोताच्या खळ्यास हात न लावता, कोणाचे कुंपणही न मोडता हा लढा चालावयाचा होता, आणि तसाच तो चालला.

पावसाळा आला. मृगाची नक्षत्रे पडली. शेजारच्या तालुक्यांत पेरे झाले, आवणी झाली. चरीकडील शेते तशीच राहिली. शेतकऱ्याच्या पोटास जन्मलेल्या माणसास ह्याचा अर्थ सांगावयास नको. पाऊस पडत असता नांगर पडवीत टेकून ठेवणे ह्यास जी मनाची कठोरता लागते, ती तुरुंगात जाण्याहून कमी नाही. एक पावसाळा असा काढणे समजू शकते. चरीच्या लोकांनी असे पावसाळे एकामागून एक काढले.

त्या वर्षांत ही घरे कशी जगली? पुरुष रानात जाऊन लाकूडफाटा तोडीत आणि मोळ्या बाजारात विकीत. काही मुंबईस मजुरीस गेले. बायकांनी रानभाज्या, कंदमुळे आणि खाडीतल्या मासळीवर घर चालविले. चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे राहतात, परंतु हा संप खरोखर कोणी टिकविला असेल, तर तो मडक्यात तांदूळ नसताना मुलांना निजविणाऱ्या खारेपाटातील आयांनी, असे आम्हांस वाटते. त्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. ती मिळवून छापण्याचे काम ज्ञातिमंडळाने पंचाहत्तर वर्षांपूर्वीच हाती घ्यावयास हवे होते.

दुसरी एक गोष्ट ह्या संपाविषयी फारशी लिहिली जात नाही. खारजमीन पडीत ठेवणे हे डोंगरमाथ्याची वरकस जमीन पडीत ठेवण्यासारखे नाही. वरकस जमीन विसावा घेते. खारजमीन विसाव्यात मरते. बांधावर माती चढली नाही की उधाणाचे पाणी आत शिरते, आणि एकदा मीठ जमिनीत बसले की ते धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे जातात. म्हणजे ज्या जमिनीच्या हक्कासाठी लढावयाचे, तीच जमीन लढ्यात नासण्याचा धोका कुळांनी पत्करला होता. ती त्यांच्या आजा-पणजांनी समुद्रातून काढलेली होती. हा धोका पत्करण्यास लावणाऱ्या पुढाऱ्यावर केवढी जबाबदारी होती! संप फसता, तर नारायणरावांस आपल्याच लोकांत तोंड दाखविणे अवघड झाले असते. असा निर्णय योग्य होता काय, हा प्रश्न आजही विचारता येईल. आम्हांस तो योग्य वाटतो, आणि त्याचे कारण एवढेच की, ज्यांना उपाशी राहावयाचे होते त्यांनीच तो घेतला होता. दूरच्या कोणा कमिटीने तो त्यांच्यावर लादलेला नव्हता.

खोतांनी स्वस्थ बसणे शक्य नव्हते. कोर्टे त्यांच्या बाजूची होती, कागद त्यांच्या बाजूचे होते. परंतु पंचवीस गावांत एकही कुळ नांगर धरीत नसेल, तर जप्तीच्या हुकुमाने भात उगवत नाही. बाहेरची माणसे आणून खारजमीन कसणेही सोपे नव्हते. कोणता बांध कोठे कच्चा आहे, उघडी केव्हा उघडावी आणि केव्हा बंद करावी, हे त्या मातीत वाढलेल्यासच कळते. कायद्याने जमीन खोताची होती. ती पिकविण्याची विद्या कुळांपाशी होती. संपाने ही गोष्ट प्रथमच उघडी करून दाखविली.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस आले व शेतकऱ्यांच्या परिषदेत त्यांनी कुळांच्या बाजूने उभे राहण्याचे जाहीर केले. पुढे १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षातर्फे अनंत चित्रे, महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर इत्यादी मंडळी मुंबई विधिमंडळात गेली, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक तेथे मांडले. कोकणातील कुळांचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विधिमंडळापुढे प्रथमच आला. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा गेला. कोकणातून बोटींनी आलेले शेतकरी त्यात हजारोंनी होते. विधेयक मात्र कायद्यापर्यंत पोचले नाही. त्या वेळी प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, आणि परकी सत्तेशी झुंजणाऱ्या त्या थोर संस्थेस खोतांच्या हितसंबंधांना हात घालण्याची घाई नव्हती, असे नाइलाजाने म्हणावे लागते. १९३७ सालीच नारायणरावांनी कृषीवल हे पत्र सुरू केले. कुळाची बाजू मांडणारे छापील पान जिल्ह्यास त्यामुळे मिळाले. पुढे त्यांचे चिरंजीव प्रभाकर पाटील ह्यांनी ते चालविले.

येथे एक गोष्ट ज्ञातिबांधवांपुढे स्पष्ट मांडणे आमचे कर्तव्य आहे. नारायणरावांचे नाव घेताना आगऱ्यांचा पुढारी, आगऱ्यांचा संप, असा उल्लेख आपल्या सभासंमेलनांत होतो, आणि छाती अभिमानाने भरून येते. तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु चरीच्या संपामागे कायस्थ चित्रे व टिपणीस उभे होते, आणि ज्यांना त्या काळी आपल्याच गावांतून वेशीबाहेर ठेवले जात होते त्या समाजाचे पुढारी डॉ. आंबेडकर उभे होते. आपल्या कुळांची गाऱ्हाणी त्यांनी विधिमंडळात नेली. तेव्हा आपल्या किती गावांनी त्यांच्या लोकांस विहिरीवर पाणी भरू दिले होते? हा प्रश्न स्मरणिकेच्या पानांत शोभत नाही असे कोणी म्हणतील. परंतु चरित्रनायकाचा मोठेपणा ज्ञातीपुरता आखडून घेतला, तर त्याचे निम्मे काम पुसले जाते, आणि ते आम्हांस मान्य नाही.

खेर मंत्रिमंडळात मोरारजी देसाई हे महसूलमंत्री होते. त्यांनी चरीस भेट देऊन परिस्थिती पाहिली व तडजोडीची बोलणी झाली. १९३९ साली संप मिटला. सहा वर्षे चाललेला हा संप हिंदुस्थानच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ शेतकरी-संप मानला जातो. त्याच वर्षी मुंबई सरकारने कुळांविषयीचा कायदा केला आणि संरक्षित कूळ ही संज्ञा प्रथमच कायद्यात आली. दीर्घकाळ जमीन कसणाऱ्यास खोताच्या लहरीने हुसकता येणार नाही, हे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. अर्थात हा कायदा आरंभी काही जिल्ह्यांपुरताच लागू झाला, आणि सर्व प्रांतभर तो पोचण्यास १९४६ साल उजाडले. लढाई जिंकली म्हणजे फळ त्याच दिवशी हाती पडते असे नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र पावले झपाट्याने पडली. १९४८ साली नवा कुळकायदा झाला. त्याच साली खारजमिनींचा स्वतंत्र कायदा होऊन बांधबंदिस्तीकडे सरकारचे लक्ष गेले. १९४९ च्या खोती-निर्मूलनाच्या कायद्याने शतकानुशतकांची खोती नाहीशी झाली. कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले जाऊ लागले. शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला म्हणून कुलाबा जिल्हा पुढे महाराष्ट्रभर गाजला, त्याचा पाया ह्या संपात घातला गेला होता. नारायणरावांना कृषकदिन पाहावयास मिळाला. आपल्या आयुष्याची हकिकतही त्यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे.

आमच्या करंजाड्याचा ह्या सर्वांशी संबंध काय, असे कोणी विचारील. पनवेल तालुका चरीच्या संपात नव्हता, हे खरे. परंतु कुळकायदा पनवेलासही लागू झाला, आणि त्यामुळे गाढी नदीच्या काठी व खाडीलगत भात पिकविणारी आपली वाडवडील मंडळी जमिनीची मालक झाली. ती मालकी पुरती अंगवळणी पडली नाही तोच, १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. ह्या वेळी समोर खोत नव्हता, परका अंमलही नव्हता. समोर आपलेच सरकार होते. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. दि. बा. हेही शेतकरी कामगार पक्षाचेच पुढारी. ज्या जमिनीचा मोबदला मागण्यासाठी जासईचे शेतकरी रस्त्यावर उतरले, ती जमीन त्यांच्या नावावर नसती, तर तो मोबदला खोतांच्या वारसांकडे गेला असता आणि कुळांच्या हाती काहीही पडले नसते.

आज करंजाड्याच्या शिवारात बहुमजली घरे आहेत. करंजाडे-वडघरच्या परिसरात विमानतळासाठी उठविलेल्या गावांतील कुटुंबेही राहावयास आली आहेत. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची कागदपत्रे ज्या घरांत जपून ठेवलेली आहेत, तेथे जुन्या फेरफाराच्या नकलाही बहुधा असतील. कुळकायद्याने मालकी लागल्याची नोंद त्या जीर्ण कागदांवर अजून वाचता येते. त्या नोंदींच्या प्रती काढून ज्ञातिमंडळाच्या कार्यालयात ठेवण्याचे काम यंदा सुरू करावे, आणि ज्यांच्यापाशी असे कागद असतील त्यांनी ते प्रतीपुरते द्यावेत, अशी सर्व ज्ञातिबांधवांस विनंती आहे.